दोन मिसली आणि एक विद्यार्थी : कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांस अनावृत पत्र

मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर यांस,



आपल्या नागाळा पार्कातील कचेरीत दोन निरनिराळ्या मिसली आहेत, निदान असावयास हव्यात, आणि त्या दोहोंवर अध्यक्ष म्हणून आपलेच पदनाम आहे, या गोष्टीकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पहिली मिसल अमली पदार्थांच्या प्रतिबंधासाठी नेमलेल्या जिल्हा समन्वय समितीची. तीत पोलीस, उत्पादन शुल्क, अन्न व औषध प्रशासन इत्यादी खाती रुजू असतात, आणि किती मुद्देमाल जप्त झाला व किती इसमांस अटक झाली याचा हिशेब बैठकीपुढे मांडला जातो. दुसरी मिसल वयाने लहान आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणाचा निकाल देताना विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासंबंधी १५ निर्देश घालून दिले. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, आणि या साऱ्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यासाठी जिल्ह्या-जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, असे त्यांत फर्माविले आहे.

माझे म्हणणे एवढेच की, या दोन मिसली एका दोरीत बांधल्या जाव्यात. ज्याच्या उशाखाली झोपेच्या गोळ्यांची पट्टी आहे तो विद्यार्थी आणि ज्याच्या मनात जगणे नकोसे झाल्याचा विचार घोळतो आहे तो विद्यार्थी, हे दोघे निराळे असतीलच असे नाही. पुष्कळदा तो एकच असतो, आणि आपल्या राज्यव्यवस्थेने मात्र त्याच्या देहाची व मनाची वाटणी दोन खात्यांत करून टाकली आहे. पहिल्या खात्यास तो गुन्हेगाराचे गिऱ्हाईक म्हणून दिसतो, दुसऱ्यास परीक्षेला भ्यालेला पोरगा म्हणून दिसतो, आणि या दोन दृष्टींच्या मधल्या सांदीत तो नाहीसा होतो.

व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे येते, ते बहुधा चोरटे व दूरचे असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने आपल्याच जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात, ढोलगरवाडीस छापा घालून मेफेड्रोन बनविण्याचा कारखाना उघडकीस आणला, तेव्हा सारा जिल्हा हादरला होता आणि ते योग्यच होते. परंतु मी ज्या पदार्थाविषयी लिहितो आहे तो डोंगराआड शिजत नाही. तो शासनमान्य कारखान्यात तयार होतो, त्याच्या वेष्टनावर तांबड्या चौकटीत इशारा छापलेला असतो, आणि मेडिकलच्या काउंटरवर, ‘दादा, झोप येत नाही’ एवढ्या एका वाक्यावर, कधी जुनी चिठ्ठी दाखवून तर कधी तीही न दाखविता, तो हाती पडतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही शामके, ट्रामाडोलसारखी वेदनाशामके, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे. यांतील प्रत्येकाचा रोग्यास उपयोग आहे, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी वाटावी तेवढी धास्ती कोणास वाटत नाही. गांजा ओढणाऱ्या मुलाला आई ओळखते. गोळी घेणाऱ्या मुलाकडे पाहून ती म्हणते, बरे झाले, डॉक्टरकडे तरी गेला.

हे सारे सुरू होते ते बहुधा चैनीपोटी नव्हे. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गडहिंग्लज या तालुक्यांतून किंवा घाटाखालून सिंधुदुर्गातून आलेला मुलगा राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत कॉट भाड्याने घेतो, दिवसा महाविद्यालय आणि रात्री अभ्यासिका असा क्रम धरतो, जागरणासाठी काहीतरी घेतो, मग जागरण अंगवळणी पडून झोप उडाली म्हणून दुसरे काहीतरी घेतो. खोलीतल्या जोडीदाराजवळची अर्धी गोळी पहिल्या रात्री जे काम करते, तेच काम करावयास काही आठवड्यांनी एक लागते, मग दोन. शरीर त्या शामकाशी जुळवून घेते. त्याच्याविना मेंदूस स्वस्थ बसता येत नाही. आणि ज्या दिवशी पैसे संपतात, किंवा घरी जावे लागते, किंवा मनाचा निश्चय करून तो एकाएकी गोळी बंद करतो, त्या दिवसापासून निद्रानाश, थरथर, अनावर घाबरेपणा, क्वचित झटकेदेखील येतात. त्या स्थितीत त्याला वाटते की, आपला मूळचा रोगच उसळून आला. तो रोग नसून औषध एकाएकी तुटल्याचा परिणाम आहे, हे त्याला सांगणारे त्या खोलीत कोणी नसते. त्यात दारूची भर पडली तर श्वासाचीच गती मंदावण्याचे भय असते, तेही त्याला कोणी सांगितलेले नसते.

याचीच दुसरी तऱ्हा व्यायामशाळांतून दिसते, आणि ती कोल्हापुरात दिसावी याचे मला विशेष वाईट वाटते. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यानंतर रोग्याचा उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते इंजेक्शन. ते पिळदार शरीराच्या हव्यासाने टोचून घेणारी तरुण मुले आणि ते विकणारे दलाल पश्चिम महाराष्ट्रातील पोलिसांच्या कारवायांत गेली काही वर्षे पुनःपुन्हा आढळू लागले आहेत. ज्या शहरात शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधविले आणि ज्याच्या पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या, तेथे मेहनत, खुराक आणि वस्ताद यांच्यावाचून शरीर घडविण्याची ही घाई आली कोठून, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवितो की, हे द्रव्य हृदयाला घातक तर आहेच, पण सवय जडल्यावर मनालाही भ्रमिष्ट करते. आणि त्याची गणना आपल्या पहिल्या मिसलीत मुद्देमाल म्हणून होते, दुसऱ्या मिसलीत मुळीच होत नाही.

आता थोडे आकडे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख माणसे, शामक औषधे उपचाराच्या कारणाविना घेत होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील आत्महत्यांची संख्या १,७०,९२४ आहे. त्यांत विद्यार्थी १३,०४४, आणि त्यांतील १,७६४ एकट्या महाराष्ट्रातले. या दोन अहवालांतील आकडे एकमेकांशी बोलत नाहीत; एक व्यसनाचा, दुसरा मृत्यूचा. त्यांना बोलते करण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. तेथील ४० महाविद्यालयांतील सुमारे २६ हजार विद्यार्थ्यांच्या २००८ सालच्या पाहणीवरून दोन संशोधकांनी २०१२ साली असे दाखवून दिले की, चिठ्ठीची औषधे चिठ्ठीविना घेणाऱ्यांचे प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास होते, आणि ज्यांना उदास, हताश वाटत होते किंवा ज्यांच्या मनात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता, त्यांच्यात अशा सेवनाचा संभव इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक होता. गोळीमुळे निराशा की निराशेमुळे गोळी, याचा निवाडा अशा पाहणीतून होत नाही. पण त्या मुलांपैकी कित्येक जण आपल्या दुःखावर आपणच वैद्यकी करीत असावेत, हा त्या संशोधकांचा तर्क मला तरी आपल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांच्या मुद्रा पाहता पटण्याजोगा वाटतो.

कायदा अपुरा आहे काय? मुळीच नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालील नियम १९४५ चे. आणि त्या नियमांत १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या ‘एच-१’ या अनुसूचीप्रमाणे शामके, ट्रामाडोल, कोडीन अशी औषधे विकताना औषधविक्रेत्याने स्वतंत्र नोंदवही ठेवावयाची असते, तीत चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टराचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध व त्याचे परिमाण लिहावयाचे असते, आणि ती वही तीन वर्षे तपासणीसाठी जपून ठेवावयाची असते. ट्रामाडोल तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याच्याही कक्षेत आले. कायदा पाळावयास लावणे किती कठीण आहे, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे: २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी चिठ्ठीविना औषध नाही, बिलाविना विक्री नाही आणि औषधनिर्माता हजर असल्याविना दुकान नाही, एवढाच आग्रह धरला, तर औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी राज्यभर बंद पुकारला. विक्रेत्यांची बाजूही मी ऐकून आहे. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, आणि आता तर शेजारच्या दुकानाऐवजी मोबाइलवरून मागवते. नियम पाळणाऱ्याने तोटा सोसावा आणि मोडणाऱ्याने धंदा करावा, ही तक्रार खोटी नाही. म्हणूनच नियमाचा अंमल सर्वांवर एकाच दिवशी, एकाच मापाने व्हावा लागतो, आणि ते निरीक्षकाच्या हाती नसून आपल्या हाती आहे.

ती नोंदवही आज पाहिली जाते ती खटला भरण्यासाठी. मी सुचवितो ते असे की, ती प्रथम वाचली जावी. कोणत्या महिन्यात, कोणत्या पेठेत शामकांची विक्री एकदम चढते. परीक्षेच्या आधी की निकालानंतर. एकाच डॉक्टराच्या नावाच्या चिठ्ठ्या किती दुकानांतून फिरतात. याचा गोषवारा, मुलांची नावे वगळून, जिल्हा शल्यचिकित्सकांनी व छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या मनोविकार विभागाने दर तिमाहीस आपल्या दुसऱ्या समितीपुढे ठेवावा. त्याच रुग्णालयात गोळ्यांच्या अतिसेवनाने दाखल झालेल्या तरुणांची संख्या त्याच्याशेजारी मांडावी. या दोन स्तंभांतून जे दिसेल ते कोणत्याही चर्चासत्रातून दिसणार नाही.

हे एवढ्यासाठी की, औषधाची मुबलकता आणि मृत्यू यांचा संबंध कल्पनेतला नाही. ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकात सरकारी औषधयोजनेमुळे झोपेची औषधे स्वस्त व विपुल झाली, आत्महत्यांचे प्रमाण चढले. १९६७ साली एका वेळी देण्याच्या परिमाणावर निर्बंध आले आणि ते प्रमाण उतरले. ब्रिटनने १९९८ साली एका नित्याच्या वेदनाशामकाच्या पाकिटाचे आकारमान कमी केले, एवढेच; पुढील अकरा वर्षांत त्या औषधाच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी झाल्याचे ऑक्सफर्डच्या कीथ हॉटन यांनी दाखविले. ‘ज्याला मरायचेच आहे तो दुसरा मार्ग शोधतो’ हे आपल्याकडचे लाडके वाक्य या पुराव्यापुढे टिकत नाही. तो विचार भरतीसारखा येतो आणि ओसरतो. त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहांतील नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हेही अनेक देशांतील दीर्घकालीन पाहण्यांतून निष्पन्न झाले आहे. ते जगतात, नोकऱ्या करतात, लग्ने करतात, आणि त्या रात्रीविषयी सहसा बोलत नाहीत.

परंतु येथेच मला आपणास अधिक आग्रहाने सांगावयाचे आहे, कारण उत्साही अधिकारी नेमके येथे ठेचकाळतो. औषधाची वाट बंद करणे हे अर्धे काम आहे, आणि उरलेले अर्धे न करता ते केले तर ते घातक आहे. अमेरिकेत २०१० साली ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाची गोळी चुरडून घेता येऊ नये अशी तिची घडण बदलली गेली; गोळीचा दुरुपयोग उतरला, पण ज्यांना सवय जडली होती त्यांतील कित्येक हेरॉईनकडे वळले आणि हेरॉईनचे बळी वाढले. शामकांच्या बाबतीत तर एकाएकी पुरवठा तुटणे हेच रोग्यास जीवघेणे ठरू शकते, हे वर आलेच आहे. एखाद्या सोमवारी आपल्या पहिल्या समितीने शहरातील सारे काउंटर बंद केले आणि दुसऱ्या समितीस त्याचा पत्ताच नसला, तर त्या आठवड्यात राजारामपुरीच्या खोल्याखोल्यांतून काय होईल याचा विचार व्हावा. ज्या दिवशी पुरवठ्यावर टाच येईल त्याच दिवशी, त्याच आदेशान्वये, औषधाची मात्रा हळूहळू उतरविण्याची सोय असलेला बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळच्या वेळीही उघडा हवा. सकाळच्या वेळी विद्यार्थी येणार नाही. रांगेत त्याला ओळखीचा माणूस भेटेल, या भीतीने तर नाहीच नाही.

भीतीचा प्रश्न निघालाच आहे तर कायद्याच्या भीतीचेही बोलतो. भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ इतिहासजमा झाले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा त्या अर्थाने गुन्हा राहिलेला नाही, सरकारी नोकराला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अपवाद. त्याआधीच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरण्यास सांगितले, आणि त्याची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरविले. व्यसनी माणूस आपण होऊन उपचारास आला तर त्यास खटल्यापासून अभय देणारे ६४-अ हे कलम अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे. ही तिन्ही कलमे आपल्या शहरात किती पालकांस, किती प्राचार्यांस, किंबहुना किती हवालदारांस ठाऊक आहेत? मुलाला रुग्णालयात आणणारा बाप अजूनही ‘चुकून घेतल्या हो’ म्हणून सांगतो, कारण बाहेरच्या पोलीस चौकीची त्याला धास्ती असते. आणि एकदा ‘चुकून’ असा शेरा पडला की मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविण्याचे कारणच उरत नाही. मुलगा तीन दिवसांनी घरी जातो, आणि ज्या खोलीत ते घडले त्याच खोलीत पंधरवड्याने परततो. त्या कलमांचे साध्या मराठीतले फलक अपघात विभागाच्या दारात लावण्यास किती खर्च येईल?

महोदय, हे शहर वसतिगृहांचे आहे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दरबारने जागा दिल्या, अनुदाने लावून दिली, आणि खेड्यातून येणाऱ्या पोरक्या विद्यार्थ्यास या शहरात कोणीतरी वडीलधारे असेल अशी तजवीज केली. भाकरीइतकीच ती देखरेखही त्या योजनेचा भाग होती. रात्री कोण आले नाही, कोण जेवले नाही, कोणाला ताप आहे, हे कळणारा माणूस तेथे होता. आज विद्यार्थ्यांचा मोठा भाग त्या वसतिगृहांत राहत नाही. तो ‘कॉट बेसिस’वर राहतो, जेथे घरमालकास भाड्याची तारीख ठाऊक असते आणि खानावळीस डब्यांची संख्या. शिवाजी विद्यापीठास १९६२ पासून आजवर लाभलेला विद्यार्थिवर्ग सांगली-साताऱ्यापर्यंत पसरलेला आहे. त्यांतला कोण कोणत्या गल्लीत राहतो, हे महाविद्यालयाच्या दप्तरात नोंदलेले असतेच असे नाही. शाहू महाराजांच्या पुतळ्यास आपण दर वर्षी २६ जूनला हार घालता. त्याच महिन्यात, प्रवेशाच्या वेळी, प्रत्येक महाविद्यालयाने विद्यार्थ्याचा स्थानिक पत्ता आणि त्या पत्त्यावरील एका जबाबदार माणसाचे नाव घ्यावे, आणि खोल्या देणाऱ्या घरमालकांस व खानावळवाल्यांस वर्षातून एकदा बोलावून संकटाची चिन्हे कशी ओळखावीत व कोणास कळवावे हे सांगावे, असा आदेश काढणे त्या हारापेक्षा फारसे महाग पडणार नाही.

एक उपाय मात्र कृपा करून करू नये. विद्यार्थ्यांच्या मूत्राच्या चाचण्या, वसतिगृहांवर अवचित झडत्या, पकडलेल्या मुलांची नावे महाविद्यालयास कळविणे, असल्या सूचना आपल्या पहिल्या समितीत कोणी ना कोणी जोशाने मांडीलच. त्यांनी वर्तमानपत्रास मथळा मिळतो. मुलाला मात्र तोंड लपविण्यास आणखी एक कारण मिळते. (वर्तमानपत्रांविषयीही एक शब्द: कोणत्या गोळ्या, किती, कोठून आणल्या, याचे रसभरित वर्णन बातमीत देण्याने वाचकाच्या ज्ञानात कोणतीही इष्ट भर पडत नाही, हे आपल्या माहिती अधिकाऱ्यांनी संपादकांस एकदा सांगावे.) १९८० च्या दशकात गर्दने मुंबई-पुण्याची तरुण पिढी पोखरली, तेव्हा अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण काढले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या संस्थेने व्यसनी माणसाला पकडून आणलेला चोर म्हणून नव्हे, तर घरी आलेला आजारी माणूस म्हणून वागविले, आणि महाराष्ट्राला तो मार्ग जवळजवळ चाळीस वर्षे ठाऊक आहे.

तेव्हा विनंती अशी: दोन्ही समित्यांची एक संयुक्त बैठक बोलवावी; तीस औषधविक्रेत्यांच्या संघटनेचे प्रतिनिधी, विद्यापीठाचे विद्यार्थी विकास अधिकारी, मनोविकारतज्ज्ञ, दोन-तीन वसतिगृहांचे रेक्टर आणि निदान काही विद्यार्थी हजर असावेत, व विद्यार्थ्यांना बोलू द्यावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र निःशुल्क चालू आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक शामके विकणाऱ्या प्रत्येक दुकानाच्या बिलावर छापण्याची सूचना त्या बैठकीत व्हावी. बैठकीची तारीख हिवाळी सत्राच्या परीक्षांपूर्वी धरावी. परीक्षा संपल्यावर विद्यार्थी गावी जातात आणि ज्यांच्यासाठी बैठक भरवायची, त्यांच्याविनाच ती भरते.



आपला,
कोल्हापुरातील एक निवृत्त अध्यापक